बाबा कशावर हसले

माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगते, कारण अशा आठवणींच्या शेवटी लोक माफ करून मोकळे होतात आणि वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. मला तसं करता येईल असं वाटत नाही. आत्ता हे लिहायला बसले तर पहिल्या ओळीनंतरच उठून पाणी पिऊन आले.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. मुलगे धरूनही पहिलीच. बाबा बडोद्याच्या प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. ते नोकरीसाठी जळगावकडून आले आणि इथलेच झाले. आम्ही क्वार्टरमध्ये राहतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. टीव्ही त्या एकाच खोलीत, आणि बाबांचा पलंगही तिथेच. बाबांची सकाळची पाळी असते. जेवण झालं की ते भिंतीकडे तोंड करून झोपतात, आणि त्यानंतर घरात आवाज करायचा नाही. हा नियम कुणी घालून दिलेला नाही. आमच्या लाइनीतल्या सगळ्याच घरांत तो आहे. पहिल्या पाळीवाल्याच्या दारासमोरून जाताना लोक सायकलची घंटीसुद्धा वाजवत नाहीत.

त्यामुळे मी इंग्रजी शिकले ती टीव्हीचा आवाज बंद ठेवून.

शाळा माझी गुजराती माध्यमाची. घरात मराठी, गल्लीत गुजराती, आणि इंग्रजी फक्त पेपर लिहिण्यापुरती. मग फतेगंजला विद्यापीठात आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे सगळं इंग्रजीत चालतं. शिकवणं तर चालतंच, पण कँटीनमधली भांडणंही इंग्रजीत. मी मागच्या बाकावर बसून मान डोलवायची. क्लास लावायचा म्हटलं तर आईचं तोंड बारीक झालं, म्हणून तो विषय मीच सोडून दिला.

त्याच सुमारास एका इंग्रजी वाहिनीवर रात्री लागणारा अमेरिकेतला कार्यक्रम मला सापडला. कोट घातलेला एक माणूस. आधी तो उभा राहून त्या दिवशीच्या बातम्यांची खिल्ली उडवतो. मग टेबलामागे जाऊन बसतो. टेबलावर कप, पाठीमागे दिव्यांनी लखलखलेल्या शहराचं चित्र. मग पाहुणे येतात, शेजारच्या खुर्चीत बसतात आणि स्वतःची एखादी गंमत सांगतात. खाली सगळं बोलणं इंग्रजीत लिहून येतं. मी टीव्हीच्या अगदी जवळ, मांडी घालून जमिनीवर बसायची. पाठीमागे बाबांचं घोरणं.

आई स्वयंपाकघर आवरून दारात यायची आणि हळूच विचारायची, "आला का गं तुझा कोटवाला?"

"आला."

"आज काय म्हणतोय?"

"सरकारला शिव्या देतोय."

"मग असू दे. चांगला माणूस दिसतोय."

असे मी शब्द शिकले. आधी चेहरा बघायचा, अर्थ ओळखायचा, मग डिक्शनरीत पडताळायचा. 'ऑकवर्ड' हा शब्द मी एका पाहुण्याच्या मानेवरून शिकले. प्रश्न ऐकल्यावर ती मान कासवासारखी कोटात गेली होती. 'रिडिक्युलस' भुवयांवरून शिकले. 'हिपोक्रिट' हा शब्द त्याला फार लागायचा, कारण तो रोज कुणा ना कुणा पुढाऱ्याबद्दल बोलायचा. मधूनमधून कॅमेरा समोरच्या लोकांवर जायचा आणि ते हसताना दिसायचे. तोंडं उघडी, माना मागे, हात मांडीवर आपटताहेत, आणि खोलीत मात्र काहीच ऐकू येत नाही. मला ते आवडायचं. पाण्याखाली लोक हसताहेत असं वाटायचं.

सकाळी मिक्सर चालू असताना ते शब्द मोठ्याने म्हणून बघायची. आईने चटणीचं काम मुद्दाम माझ्याकडे ठेवलं होतं. डिक्शनरीच्या अ‍ॅपमधली बाई जसं म्हणते तसं दाण्याच्या चटणीवर ओरडायचं. सुट्टीच्या दिवशी बाबा चहा घेताना विचारायचे, "आजचा शब्द?" मी सांगायची. ते दोनदा म्हणायचे, मान हलवायचे आणि खिशात घालून नेल्यासारखे घेऊन जायचे. त्यांची स्वतःची इंग्रजी वर्कशॉपमधली. घरात दोघांचं पटेनासं झालं की "अलाइनमेंट गेली". आई चिडली की "हिला आता ओव्हरहॉलिंगला पाठवा". आम्ही हसायचो. ते हसणं वेगळं होतं, ते मी पुढे सांगते.

त्या कोटवाल्याबद्दल एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली होती. तो मोठमोठ्या लोकांना पाडून बोलायचा, स्वतःलाही बोलायचा, पण खुर्चीत बसलेल्या पाहुण्याला कधी पडू द्यायचा नाही. पाहुणा अडखळला तर पुढचं वाक्य तोच अलगद पुढे करायचा. मला वाटायचं, हा या खेळाचा नियमच आहे. पाहुणा म्हणून बोलावलं की त्याला सांभाळायचं. आपल्याकडेही तेच असतं, म्हणून मला त्यात शंका घ्यावीशीच वाटली नाही.

दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात असाच एक 'शो' करायचं ठरलं. टेबल, कप, पाहुणे, सगळं. कोटवाला होणार होता आमचा एक सीनियर. तो अकोट्याचा, बडोद्यातल्या बंगल्यांच्या भागातला. मराठीच. पण बडोद्यात मराठी लोक दोन प्रकारचे आहेत, राज्याबरोबर आलेले आणि रेल्वेबरोबर आलेले. त्याचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्याच्या घरात इंग्रजी तेव्हापासून आहे. आमच्या घरात ती माझ्याबरोबर आली.

तालमीला कुणालाच नीट माहीत नव्हतं की अशा कार्यक्रमात काय कशानंतर येतं. पाहुणा कुठून येतो, कुठल्या खुर्चीत बसतो, दुसरा पाहुणा आला की पहिल्याने कुठे सरकायचं. मी मागे उभी होते. धीर करून सांगितलं. सगळं सांगितलं. आधी बातम्या, मग टेबल, मग हस्तांदोलन, दुसरा आला की पहिला सोफ्यावर सरकतो.

सीनियर माझ्याकडे बघत राहिला. मराठीत म्हणाला, "अगं, तुला हे एवढं कसं माहीत?"

त्याने मराठीत विचारलं म्हणून मी खरं खरं सांगितलं. क्वार्टर, बाबांची पाळी, बंद आवाज, मिक्सर, चटणी. बाबांचं ओव्हरहॉलिंगही सांगितलं, कारण ते मला गोड वाटतं.

तो म्हणाला, "कमाल आहे. तूच आमची पाहुणी. हे सगळं स्टेजवर सांग, इंग्लिशमध्ये."

"मला नाही जमणार इतक्या लोकांसमोर."

"मी आहे ना. अडलीस तर मी सांभाळून घेईन. तू आपलीच की गं."

'आपलीच' म्हणाला. त्या शब्दावर मी आठवडाभर तरंगत होते. मला फक्त एवढंच हवं होतं. सगळ्या विभागासमोर, स्वतःच्या तोंडाने, इंग्रजीत स्वतःची एक गोष्ट सांगायची, आणि ती बाबांनी बघायची. त्यापलीकडे मला काही नको होतं.

बाबांना म्हटलं, "सगळं इंग्रजीत आहे हं. तुम्हाला कंटाळा येईल."

ते म्हणाले, "तू बघतेसच की आवाजाशिवाय. मीही बघेन."

त्यांनी पाळी बदलून घेतली. लग्नासमारंभाचा पांढरा शर्ट आईने इस्त्री करून दिला. मी पडद्याआडून बघितलं तर ते पुढच्या रांगेत ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, जसे फोटोत बसतात.

सीनियर कोट घालून स्टेजवर गेला. आधी प्राध्यापकांवर दोनचार हलके विनोद केले. मग म्हणाला, आज आपली पाहुणी अशी आहे जी टीव्ही आवाज बंद करून बघते, कारण तिचे वडील झोपलेले असतात. लोक हसले. मीही हसले, पडद्याआड. मला वाटलं, माझी ओळख करून देतोय. मग त्याने बाबांचा आवाज काढला. त्याने बाबांना कधी ऐकलेलंही नव्हतं. सिनेमात नोकरमाणसं बोलतात तसा आवाज काढून 'अलाइनमेंट' म्हणाला, 'ओव्हरहॉलिंग' म्हणाला. मी सांगितलेली माझीच वाक्यं. आणि मग हात लांब करून त्याने पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं. इंग्रजीत म्हणाला, "तिचे वडील आज इथे आले आहेत. काका, काळजी करू नका, आज आम्ही आवाज चालू ठेवलाय. तसाही तुम्हाला काही फरक पडणार नाही."

सगळं सभागृह वळून बाबांकडे बघायला लागलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. वर्कशॉपमध्ये कुणाचा निरोप समारंभ असला, बक्षीस समारंभ असला, आणि स्टेजवरून कुणी तुमच्याकडे हात केला, तर उठून उभं राहायचं असतं. सगळ्या बाजूंना वळून नमस्कार करायचा असतो. बसून राहणं उद्धटपणाचं समजतात. बाबांनी आयुष्यात बघितलेली स्टेजं तेवढीच.

बाबा उठले. हात जोडले. आधी स्टेजला नमस्कार केला, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग मागे वळून. सगळे हसत होते म्हणून तेही हसत होते. पूर्ण तोंड भरून, जसे घरी हसतात तसे.

सीनियर माईकमध्ये म्हणाला, "त्यांना वाटतंय त्यांना काहीतरी बक्षीस लागलंय."

मी तो आवाज अजून विसरलेले नाही. जवळजवळ दोन वर्षं टीव्हीवर ती उघडी तोंडं बघितली होती. त्यातून काय बाहेर पडतं ते मी पहिल्यांदा ऐकलं.

मग माझं नाव पुकारलं. मी गेले. कशी गेले ते आठवत नाही. हस्तांदोलन केलं, खुर्चीत बसले. तो म्हणाला, सांग. पाठ केलेली गोष्ट डोक्यातून पुसून गेली होती. मी म्हटलं, "माय फादर इज अ फिटर." लोक हसले. मी म्हटलं, "ही इज अ गुड मॅन." आणखी हसले. ज्या खुर्चीत मला बसवलं होतं त्या खुर्चीतून काहीही बोललं तरी त्याचा विनोदच होत होता. मी अडले. त्याने सांभाळून घेतलं नाही. तो लोकांकडे बघून भुवया उडवत होता. रिडिक्युलस. मला त्या भुवया पाठ होत्या.

परतताना स्कूटरवर बाबा बोलत होते. एरवी ते गाडी चालवताना बोलत नाहीत. "काय हसवलंस तू! माझ्या बाजूचे तर पोट धरून हसत होते. आणि तो पोरगा किती चांगला, माझी पण ओळख करून दिली." घरात शिरल्याशिरल्या आईला म्हणाले, "तुला यायला पाहिजे होतं. मला उभं केलं सगळ्यांसमोर."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि हिचं तोंड का असं?"

"दमलीये. सोप्पं नाही ते."

मी मागे कपडे वाळत घालायच्या जागेत जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या पानावर क्लिप चढली. तिच्यावर बाबांचा फोटो, हात जोडून हसताना. त्याखाली लोकांनी लिहिलेलं, 'अंकल किती क्यूट', 'अंकल फॉर प्रेसिडेंट', आणि हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे चेहरे. संध्याकाळपर्यंत क्लिप आमच्या क्वार्टरच्या ग्रुपवर आली. शेजारचे काका दारातूनच ओरडले, "अरे भाऊ, तमे तो फेमस थई गया!" बाबांनी ती वर्कशॉपमध्ये दाखवली. पाणी भरायला आलेल्या बायकांना दाखवली. मामाला पाठवली. कुणालाच त्यातली इंग्रजी कळत नव्हती. सगळे बाबांच्या हसण्याकडे बघून हसत होते आणि म्हणत होते, पोरीने नाव काढलं.

मी कॉलेजात गेले. सीनियर पायऱ्यांवर मित्रांबरोबर बसला होता. मी म्हटलं, क्लिप काढून टाक. इंग्रजीत म्हटलं. दोन वर्षं मेहनतीने गोळा केलेले शब्द होते, ते आज नाही वापरायचे तर कधी? मी म्हटलं, "यू आर अ हिपोक्रिट."

तो हसला. "वा! बघ, किती छान शिकलीस."

मग मराठीत म्हणाला, "अगं, एवढं काय? स्वतः तुझे बाबाच हसले की. त्यांच्याइतकी मजा कुणालाच आली नसेल. त्यांना चालतं आणि तुला चालत नाही?"

मी कार्यक्रमाच्या प्रमुख मॅडमकडे गेले. त्या फाइलीत बघत म्हणाल्या, "बेटा, आटलुं बधुं सीरियसली ना लेवाय." इतकं मनावर घेऊ नये. मग म्हणाल्या, "थोडा सेन्स ऑफ ह्यूमर ठेव. तुझ्या पप्पांकडे बघ, केवढ्या मोठ्या मनाने हसले."

सेन्स ऑफ ह्यूमर. जसं काही ते अकोट्याच्या बंगल्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेलं असतं आणि क्वार्टरमध्ये त्याचा पुरवठाच होत नाही. ज्या घरात मुलगी रोज रात्री विनोद बघून भाषा शिकली त्या घराला तुम्ही हे सांगता? मला विनोद कळतो. विनोद कुणाकडे तोंड करून उभा आहे तेही कळतं. तो कोटवाला पुढाऱ्यांकडे तोंड करून उभा राहायचा. तुम्ही झोपलेल्या माणसाकडे तोंड करून उभे राहिलात, आणि तो उठून तुम्हाला नमस्कार करत होता.

हे सगळं मला तिथे म्हणता आलं नाही. मी मॅडमना "ओके मॅम" म्हटलं आणि बाहेर आले. या "ओके मॅम"चाही मला राग आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. बाबांचं हसणं हाच त्यांचा पुरावा होता. ते हसले म्हणजे त्यांची हरकत नाही. तो पुरावा मोडायचा तर ते कशावर हसले हे बाबांना सांगावं लागणार होतं. न सांगावं तर ते सगळ्या वर्कशॉपला ती क्लिप दाखवत राहणार. सांगावं तर एवढ्या वर्षांत बघितलेला त्यांचा सगळ्यात मोठा आनंद मीच माझ्या हाताने काढून घेणार. मी आईला विचारलं. तिला आधी सगळं सांगावं लागलं. ऐकताना तिने हातातली पोळी लाटायची थांबवली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?"

सुट्टीचा दिवस होता. बाबा चहा घेत होते. म्हणाले, "आजचा शब्द?"

मी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसले. आवाज पूर्ण मोठा केला. एक वाक्य ऐकवायची, थांबवायची, मराठीत सांगायची. पुढचं वाक्य. ते आधी हसरे होते. 'अलाइनमेंट'ला त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे त्याला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "मी. मला वाटलं त्याला आवडेल." त्यांनी मान हलवली. पुढे लाव म्हणाले. मी पुढे लावलं. आवाज चालू ठेवलाय, तसाही तुम्हाला फरक पडणार नाही. क्लिपमधले बाबा उठून उभे राहिले आणि नमस्कार करायला लागले. बाजूला बसलेले बाबा ते बघत होते.

"आणि मी उभा असताना काय म्हणाला?"

मी सांगितलं.

चहावर साय धरली. मग म्हणाले, "वर्कशॉपमध्ये मला डबलडबा म्हणतात. दोन डबे नेतो म्हणून. तोंडावर म्हणतात. मी पण त्यांना म्हणतो." आणि त्यांनी तो थंड चहा एका घोटात संपवला. मला वाटलं होतं ते ओरडतील. मला तेच हवं होतं. आईच आतून ओरडली, "अन् तो म्हणे मराठी! आपल्या माणसाला असं?"

बाबांनी विचारलं, "मराठी आहे तो?"

"हो."

"मग उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ते विभागात आले, मी बरोबर होते. कामाचेच कपडे, बाहीला ग्रीस. पांढरा शर्ट घातला नाही. व्हरांड्यात मॅडमच्या खोलीबाहेर सीनियर उभा होता. बाबांना बघून पटकन पुढे आला. घरचं वळण चांगलं आहे त्याचं. वाकून नमस्कार करायलासुद्धा निघाला होता.

"काका! या ना, आत बसा."

"बसत नाही. ओळखलंस ना मला?"

"हो काका, म्हणजे काय."

"त्या दिवशी माझ्याकडे बोट करून तू काय म्हणालास?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "काका, तो फक्त विनोद होता."

"विनोद मला आवडतात. मला तेव्हा कळला नाही. आता मराठीत सांग, मी हसतो."

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. "भाई, जवा दो ने, छोकराओ छे." मुलं आहेत, सोडून द्या.

"मॅडम, हुं क्यां लडवा आव्यो छुं?" बाबा म्हणाले. भांडायला कुठे आलोय? "मला जोक ऐकायचाय फक्त. सांग रे."

सीनियरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला, "म्हणजे... मी असं म्हटलं काका, की आज आवाज चालू आहे, पण तुम्हाला..." आणि थांबला.

"पण मला काय?"

"सॉरी काका."

"ते इंग्रजी झालं. वाक्य पुरं कर."

तो पुरं करू शकला नाही. बाबा वाट बघत उभे राहिले. येणारीजाणारी मुलं थांबायला लागली. कुणी हसलं नाही. त्याची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे, त्यात शब्दांची काही कमी नव्हती. पण एका माणसाला 'काका' म्हणून झाल्यावर पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. मग बाबा मला म्हणाले, "चल, तुझा तास असेल." आणि ते निघून गेले. त्यांनी क्लिप काढायलाही सांगितलं नाही.

क्लिप त्या संध्याकाळी निघाली. पण तोपर्यंत ती ज्याच्या त्याच्या फोनमध्ये गेली होती, आणि तिथून ती कोण काढणार? माझ्याशी सीनियर कधी काही बोलला नाही. त्याची माफी बाबांपुरती होती, आणि तीही अर्धी. मी मात्र विभागात 'जिच्याशी जपून बोलावं लागतं' अशी मुलगी झाले. त्या वर्षी मॅडमनी कुठल्याच कार्यक्रमात माझं नाव घेतलं नाही. लोकांनी मला सांगितलं की बाबांनी काय मस्त केलं, कसं गप्प बसवलं. मला त्यात मस्त काही वाटत नाही. दिवसभर उभं राहून काम केलेला माणूस फतेगंजपर्यंत स्कूटर चालवत आला, स्वतःवर केलेला विनोद स्वतःच्या भाषेत ऐकायला. त्याला यावं लागलं हीच गोष्ट मला सहन होत नाही.

मी टीव्ही बघणं सोडलं नाही. सोडावंसं वाटलं होतं. पण ते शब्द मला लागणार आहेत, आणि मी ते कुणाच्या मेहेरबानीने घेतलेले नाहीत. आता परीक्षेत लिहिते, मुलाखतींची तयारी करते, वर्गात हात वर करून बोलते. अडखळते, पण वाक्य पुरं करते. समोरचा वाट बघत असला तरी पुरं करते.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकांच्या मुलीचं लग्न होतं. मुलाकडच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी माईक घेऊन इंग्रजीत दोन शब्द बोललं. चांगलंच बोलत होतं, नवरानवरीबद्दल काही साधी गंमत होती, आणि सगळे हसले. बाबा माझ्या शेजारी बसले होते, पांढऱ्या शर्टात. ते हसले नाहीत. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे हसा, यात काही नाही. मग ते हसले. पण तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं.